मालदिनी, 3 नंबर: कोल्हापुरात करून घेतलेल्या जर्सीचा अनुभव

दुकानात शिरलं की डाव्या हाताला तयार मालाचे गठ्ठे दिसतात. सगळ्यांत उंच गठ्ठा मेस्सीचा. त्याला टेकून रोनाल्डोचा. मग नेमार, मग एम्बाप्पे, आणि अगदी भिंतीकडेला थोडे हालांड. मी काउंटरवर जाऊन मालदिनी मागितला. दुकानदार पोरगा पंचविशीतला असेल. त्यानं आधी गठ्ठ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सर, त्यो कुठल्या टीमात खेळतोय?"

इटलीचा डिफेंडर पाओलो मालदिनी 2009 साली फुटबॉल खेळायचा थांबला, तेव्हा हा पोरगा तिसरी-चौथीत असणार. त्याला माहीत नसणं साहजिक आहे. मी त्याला मोबाइलवर फोटो दाखवला, एसी मिलान या इटालियन क्लबची लाल-काळ्या पट्ट्यांची जर्सी, पाठीवर पांढऱ्या रंगात 3. त्यानं फोटो मोठा करून पट्ट्या मोजल्या, गळा बघितला, आणि म्हणाला, "हुतंय की. पण रेडी न्हाई मिळणार, करून घ्यायला लागंल." हे दुकान मला आवडायला इथून सुरुवात झाली. "नाही चालत तो माल" म्हणून त्यानं मला मेस्सीकडं वळवलं नाही.

दुकान शाहू स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर आहे. पुढं विक्री, मागं छपाईचं मशीन आणि दोन शिलाई मशिनं. मी मुळात गेलो होतो तो आमच्याकडं सकाळी सरावाला येणाऱ्या पोरांच्या किटसाठी. सोळा जण आहेत, सगळे चौदा वर्षांखालचे. ऑर्डर द्यायच्या आदल्या दिवशी मी मैदानावर वही घेऊन बसलो आणि ज्याला जो नंबर हवा तो लिहून घेतला. सात जणांना 10 हवा होता. पाच जणांना 7. दोघांना 9. गोलकीपरनं 1 घेतला. उरली एक मुलगी, उंच, पायानं बळकट, बोलायला कमी. ती म्हणाली, "सर, स्टॉपरला कुठला नंबर असतोय?"

मी स्वतः नऊ हंगाम स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला डिफेंडर, खेळलो, तालमीच्या फुटबॉल टीमकडून. त्यामुळं त्या मुलीचा प्रश्न ऐकून मला काय वाटलं ते इथं लिहीत बसत नाही. तिला 3 दिला, आणि त्याच रात्री ठरवलं की आपणही एक 3 करून घ्यायचा, नावासकट. इतकी वर्षं मनात होतं, केलं नव्हतं.

आता मालाबद्दल. जर्सी दोन तऱ्हेनं होते. एक, रंगीत कापडाची शिवून घ्यायची आणि वर नंबर गरम प्रेसनं चिकटवायचा. स्वस्त पडतं, एका दिवसात मिळतं, पण चार-सहा महिन्यांत नंबराच्या कडा उचलायला लागतात. पोरं त्या नखानं सोलतात, मी कितीदा बघितलंय. दुसरी तऱ्हा सब्लिमेशनची. पांढऱ्या पॉलिएस्टर कापडावर उष्णतेनं शाई आत उतरवतात. पट्ट्या, नंबर, नाव सगळं एकदमच कापडात जातं. बोट फिरवलं तर नंबर हाताला लागत नाही, म्हणजे सुटायचा प्रश्नच उरत नाही. सुती कापडावर हे होत नाही. लाल-काळ्या पट्ट्यांसाठी हीच तऱ्हा योग्य, कारण पट्ट्यांचे तुकडे जोडून शिवले तर खांद्यावर आणि कुशीत पट्टी पट्टीला जुळत नाही. पोरांच्या किटला जर्सी-चड्डी मिळून 380 रुपये पडले. माझी एकच नग असल्यानं 520. एका नगासाठी वेगळं डिझाइन लावायचं म्हणजे त्याचाही वेळ जातो, म्हणून मी घासाघीस केली नाही.

पहिला नमुना त्यानं कॉम्प्युटरवर दाखवला त्यात तीन चुका होत्या. नावातली मधली "डी" आणि "आय" ही अक्षरं एकमेकींना चिकटली होती. 3 चा माथा सपाट होता, आताच्या जर्स्यांवर असतो तसा, आणि मला गोल हवा होता. तिसरी चूक त्याची नव्हती, माझी होती. मी त्याला दाखवलेला फोटो 1994 च्या हंगामाचा होता आणि त्यावर मी नाव मागत होतो. इटलीच्या लीगमध्ये खेळाडूंच्या पाठीवर नाव आणि कायमचा नंबर आला तो 1995-96 च्या हंगामापासून. त्याआधी मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांना 1 ते 11 वाटले जायचे, नाव नसायचं. म्हणजे मालदिनीनं पहिली दहा वर्षं लीगमध्ये पाठीवर नाव न लावता काढली. हे मी त्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "मग वळखायचे कसं?" चालण्यावरून, उभं राहण्यावरून, पायावर चेंडू घेण्याच्या पद्धतीवरून. आमच्या शाहू स्टेडियममध्ये जुनी माणसं अजून तसंच ओळखतात, वरच्या पायरीवरून, चष्मा न लावता.

शेवटी 1996 च्या आसपासच्या जर्सीचा घाट ठरला. छातीवर क्लबचं चिन्ह आणि कंपन्यांची नावं घालायला तो तयार होता. मी नको म्हटलं. ते आपलं नाही, आपण छापू नये. पुढून नुसत्या पट्ट्या, मागं नाव आणि नंबर.

नमुना दुरुस्त होईपर्यंत मी तिथंच स्टुलावर बसलो होतो. गठ्ठ्यांकडं बघत त्याला विचारलं, बॅकचा माल कुणाचा जातो? "रामोसचा गेला हुता थोडा. व्हॅन डाइकचा यकांदा." बस्स. रामोसचा का गेला ते माझ्या ध्यानात आहे. तो गोल मारायचा. 2014 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये 93 व्या मिनिटाला हेडरनं त्यानं रेआल माद्रिदला बरोबरी साधून दिली, आणि त्या एका हेडरनं त्याची जर्सी कोल्हापूरपर्यंत आली. उत्तम डिफेंडर होताच, पण गिऱ्हाइकाला आठवतं ते समोरच्या गोलजाळीतलं.

मला या गोष्टीची चीड येते आणि ती लपवायची नाही. फॉरवर्डनं नव्वद मिनिटांत एकदा चेंडू जाळ्यात घातला की दिवस त्याचा. डिफेंडरनं नव्वद मिनिटं काम चोख केलं तर सांगायला काहीच उरत नाही. चेंडू आला असता तिथं आलाच नाही, पास गेला असता तो गेलाच नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. नऊ हंगामांत माझं नाव पेपरात दोनदा आलं, दोन्ही वेळा पिवळ्या कार्डांच्या यादीत. त्या हंगामांत आमच्या टीमनं ज्या मॅचा एक-शून्यानं काढल्या, त्यांच्या बातम्यांत गोल मारणाऱ्याचं नाव ठळक. शून्य कुणी राखला ते कधी नाही. त्याचं मला वाईट वाटायचं, अजून वाटतं.

म्हणून 18 जुलै 1994 ची पहाट माझ्या ध्यानात राहिली. वर्ल्ड कपची फायनल अमेरिकेत पासाडेनाला दुपारी होती, आपल्याकडं रात्रीचा एक. पावसाची झड लागली होती आणि शेजारच्या काकांच्या घरी दूरदर्शनवर आम्ही पंधरा-वीस जण. मी अकरावीत. ब्राझीलकडं रोमारिओ आणि बेबेतो. इटलीचा कोस्ताकुर्ता कार्डांमुळं बाहेर, म्हणून मालदिनी डाव्या बगलेवरून मधे आलेला. शेजारी फ्रांको बारेसी, ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच स्पर्धेत, तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी झालं होतं. तासाभरानं बाकीची पोरं कंटाळली, कुणी भिंतीला टेकून झोपलं. मी मात्र डोळे काढले नाहीत. रोमारिओ गोलकडं पाठ करून चेंडू घ्यायला यायचा, आणि मालदिनी त्याच्या अंगाला भिडायचा नाही. एक हात अंतर ठेवून, किंचित आतल्या अंगाला. म्हणजे रोमारिओला वळायला एकच बाजू उरायची, आणि ती बाजू बाहेरची. आमच्याकडं तोवर शिकवणी अशी होती की बॅकनं आधी माणूस घ्यायचा, मग चेंडू. त्या रात्री मला कळलं की माणसाला हात न लावता त्याची वाट बंद करता येते. एकशेवीस मिनिटं रोमारिओ-बेबेतोच्या जोडीला गोल मिळाला नाही. मग पेनल्टी, बारेसीची वर गेली, शेवटी रॉबेर्तो बाज्जोची वर गेली, ब्राझील जिंकलं. सकाळी चौकात चहाच्या गाड्यावर सगळे बोलत होते ते बाज्जोच्या पेनल्टीबद्दल. आजही कुणालाही विचारा, तेच आठवेल.

त्याच वर्षी, दोन महिने आधी, अथेन्सला मिलाननं बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये 4-0 नं हरवलं. त्या दिवशी बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही बंदीमुळं बाहेर होते. समोर तोच रोमारिओ आणि स्टोइचकोव्ह. मालदिनी मधे खेळला आणि पलीकडं शून्य राहिला. 1993-94 च्या लीगमध्ये मिलाननं 34 सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले. मारले किती? 36. एवढ्यात लीग जिंकली. हा आकडा मी पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो.

तो लोकप्रिय नव्हता असं मी म्हणत नाही. मिलानमध्ये तो घरचाच. वडील चेझारे मालदिनी 1963 साली वेम्बलीला मिलानचे कप्तान होते, युरोपियन कप, म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग, उचलणारे पहिले इटालियन कप्तान. मुलगा सोळाव्या वर्षी, 20 जानेवारी 1985 ला उदीनेला पहिली मॅच खेळला आणि 2003 साली, बरोबर चाळीस वर्षांनी, वडलांसारखाच इंग्लंडमध्येच, मँचेस्टरला तोच कप कप्तान म्हणून उचलला. ती युव्हेंटसबरोबरची फायनल 0-0 सुटली होती, पेनल्टीवर निकाल लागला. लोक तिला रटाळ म्हणतात. मी ती तीनदा बघितली आहे आणि पुन्हा बघेन. दोन्हीकडच्या बचावफळ्या अशा सरकतात की एकाच दोरीला बांधल्यात वाटावं.

एकूण 25 हंगाम, एकच क्लब, 902 सामने. लीगची सात विजेतेपदं, युरोपचे पाच कप. इटलीसाठी 126 सामने. आणि इतकं असून वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून दिला जाणारा बॅलन डी'ओर त्याला एकदाही नाही. 1994 ला तिसरा, 2003 ला तिसरा. 1994 ला त्याच्या पुढं कोण होते? स्टोइचकोव्ह, ज्याला त्यानं अथेन्सला कोरडं ठेवलं होतं, आणि बाज्जो. सत्तर वर्षांच्या आसपासचा हा पुरस्कार, त्यात डिफेंडर तिघंच: बेकेनबाउर दोनदा, 1972 आणि 1976 ला, मग 1996 ला झामर, 2006 ला कान्नावारो. त्यातही बेकेनबाउर आणि झामर हे मागून चेंडू घेऊन पुढं घुसणारे. निखळ स्टॉपर म्हणावा असा एक कान्नावारोच, आणि तोही वर्ल्ड कप उचलल्यावर. 2019 ला व्हॅन डाइक दुसरा आला, मेस्सीच्या मागं, थोडक्या गुणांनी.

वर्ल्ड कप मालदिनीच्या नशिबात नव्हता. चार खेळला. शेवटचा 2002 चा, कोरियाविरुद्ध जादा वेळेत आन जुंग-ह्वाननं त्याच्या डोक्यावरून हेडर घेतला आणि इटली घरी. त्या गोलाचा फोटो सगळीकडं छापून आला. त्यात मालदिनी आहे. सतरा वर्षं फोटोत न येण्याचं काम चोख केलेला माणूस, आणि फोटो छापून आला तो हा. त्यानंतर तो इटलीकडून खेळला नाही. चार वर्षांनी इटलीनं कप जिंकला.

पण मला सगळ्यांत लागलेली गोष्ट वेगळी. 24 मे 2009, सान सिरोवरचा त्याचा शेवटचा सामना, रोमाविरुद्ध. मिलान 2-3 हरलं. सामना संपल्यावर तो मैदानाला फेरी मारायला निघाला तेव्हा मिलानच्याच कट्टर पाठीराख्यांच्या एका भागानं शिट्ट्या मारल्या, फलक धरले, आणि "कप्तान एकच" म्हणून बारेसीच्या नावानं ओरडले. कारण काय, तर काही वर्षांपूर्वी त्यानं त्यांना सरळ उत्तरं दिली होती, त्यांच्यापुढं वाकला नव्हता. बाकीचं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, हे खरं. तरीही चाळिशीतला माणूस, पंचवीस हंगाम, आणि घरच्या मैदानावर असा निरोप. आठवड्यानं फ्लोरेन्सला, परक्या मैदानावर, शेवटची मॅच झाली. तिथं प्रतिस्पर्ध्यांच्या लोकांनी उभं राहून त्याला निरोप दिला. आमच्याकडं पेठांच्या मॅचला जे बघितलंय त्यावरून सांगतो, परक्या पेठेनं वाजवलेली टाळी माणूस मरेपर्यंत विसरत नाही.

हे सगळं मी त्या स्टुलावर बसून दुकानदाराला सांगितलं. गिऱ्हाइकं येत-जात होती, तरी तो मधे मधे "मग फुडं?" विचारत राहिला. क्लबनं 3 नंबर नंतर कुणालाच दिला नाही, मालदिनीच्या मुलांपैकी कुणी मिलानच्या मोठ्या टीममध्ये आलं तर त्यालाच मिळेल असं ठरवलं, हे ऐकून तो थांबला. धाकटा दानिएल 2020 मध्ये आलाही. पण त्यानं दुसराच नंबर घातला, आणि तो पुढं खेळणारा निघाला.

वेळेचं सांगायचं तर आठ दिवसांचा वायदा होता, लागले अकरा. आठव्या दिवशी त्यानं स्वतः फोन करून कापड आलं नसल्याचं सांगितलं, मला विचारायला लागलं नाही. पोरांच्या सोळा किटांपैकी एका चड्डीची शिलाई कमरेला सुटलेली होती, ती त्यानं समोर बसून दुरुस्त करून दिली. पट्ट्या खांद्यावर जुळल्यात. काळा रंग थोडा करडेपणाकडं झुकतो, उन्हात जास्त जाणवतो, लाल मात्र हवा तसा उतरलाय. गळ्याची रिब जाड आहे आणि पहिले दोन दिवस मानेला टोचते. माप लहान येतं. मला एरवी 42 लागतं, इथं 44 घ्यावं लागलं, पोरांनाही एक माप वरचंच सांगा. कापड घाम सोडतं, पण पावसात भिजलं की अंगाला चिकटतं, त्याला इलाज नाही.

मी ती पहिल्यांदा घातली रविवारी सकाळी, सरावाला. पोरांनी विचारलं मालदिनी कोण. मी तोंडानं काही सांगितलं नाही, त्या स्टॉपर मुलीला पुढं बोलावलं, आमच्यातल्या सगळ्यांत चपळ फॉरवर्डला तिच्यासमोर चेंडू दिला आणि तिला सांगितलं, भिडू नकोस, एक हात अंतर ठेव, त्याला बाहेरची बाजू दे. तीन वेळा तो सुटून गेला. चौथ्या वेळेला तो बाहेर बाहेर जात चेंडूसकट चुन्याच्या रेषेबाहेर गेला. तिनं चेंडूला पाय लावला नव्हता. कुणी टाळी वाजवली नाही, कारण काय झालं तेच कुणाला कळलं नाही. तिला कळलं होतं. माझ्याकडं बघून ती जागेवर परत गेली.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील मला दुकानात भेटले. तिला 3 वर नाव टाकून हवं होतं. मला वाटलं मालदिनी म्हणेल. ते म्हणाले, "न्हाई सर, आडनाव. घरचं." चिकटवलेल्या अक्षरांचे साठ रुपये पडतात, सब्लिमेशनची जर्सी एकदा झाली की तिच्यावर पुन्हा तसं छापता येत नाही, म्हणून नाव हवं असेल तर पहिल्याच ऑर्डरीत सांगा. आम्ही सांगितलं नाही, त्यामुळं तिचं आडनाव प्रेसचं आहे आणि नंबर कापडातला.

धुताना उलटी करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री फिरवू नका. माझ्या आतापर्यंत बारा-तेरा धुण्या झाल्यात, 3 जसाच्या तसा आहे. दुकान सोमवारी बंद असतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी महिनाभर गेलात तर निवांत बोलता येईल, नंतर पेठांच्या किटांची गर्दी असते आणि एका नगाची ऑर्डर तो घेत नाही.